पंधराशेचं जेवण

त्या साली कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते. शिवारात जो थोडाफार ऊस उभा होता, तो गाळपाला यायच्या आधीच जनावरांच्या छावणीत गेला. आमचा कारखाना सहकारी, आणि तसा लहानच. संचालक मंडळानं हंगाम बंद ठेवायचा ठराव केला आणि हंगामी कामगार घरी गेले. कायमच्यांपैकीही बरेच जण पोटापाण्यासाठी पुण्याकडं निघून गेले. यंत्रांच्या देखभालीला दहा-बारा माणसं ठेवली, त्यात मी होतो. मी बॉयलर अटेंडंट. वय बावन्न.

त्याच सुमाराला पुण्याला मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. रीतीप्रमाणं ती माहेरी यायची. पण कारखान्याच्या कॉलनीत टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. बाळंतिणीला आणि बाळाला रोज न्हाऊ घालायला पाणी आणायचं कुठून? म्हणून बायकोच पुण्याला गेली. "दोन महिन्यांत येते," म्हणाली. नात झाली. मग मुलीची रजा संपली, तिला नोकरीवर जावं लागलं आणि बाळाला सांभाळायला घरात कुणीतरी हवंच होतं. दोन महिन्यांचे सहा झाले. यायची तारीख मी विचारायचो नाही आणि तीही काढायची नाही.

आमच्या लाइनीत सोळा क्वार्टर होते. त्यातल्या तेरांना कुलपं. हंगामात रात्रंदिवस घरघर ऐकायची कानाला सवय झालेली, आता कुठं दार वाजलं तरी मी उठून बघायचो. कामाला आठ तास काढावे लागायचे म्हणून काढायचे. व्हॉल्व्हला ग्रीस लावायचं, नळ्यांवरचा गंज बघायचा, सही करायची. मला स्वयंपाक येत नव्हता. सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात भजी-पाव, दुपारी तिथंच पुरी-भाजी, संध्याकाळी फरसाणाचा पुडा आणि दूध. मधल्या वेळेला खिशात शेंगदाणे असायचेच. भूक लागायची म्हणून खात होतो असं नाही. तोंड चालू असलं की घर तितकं गप्प वाटायचं नाही.

थंडीत एकदा मी बॉयलरच्या शिडीवर चढत होतो. वरच्या ड्रमजवळचा एक व्हॉल्व्ह बघायचा होता. वीस वर्षं ती शिडी मी न थांबता चढलो होतो. त्या दिवशी मधल्या फळीवरच बसलो. छातीचा भाता हलत होता. खाली आमचा फिटर उभा होता. तो पाटोद्याचा, रोज मोटारसायकलवर ये-जा करायचा. त्याच्या घरात तीन पिढ्या मेकॅनिक.

"भाऊ, काय झालं?" त्यानं खालून विचारलं.

"काही नाही. दम लागला."

"दम न्हाई, वजन हाय ते. उतरा हळू. चला दवाखान्यात."

त्यानं मला तसाच गाडीवर बसवून पाटोद्याला नेलं. तिथली डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं वजन केलं, चौऱ्याऐंशी. रक्तदाब वाढलेला, साखर काठावर. म्हणाली, "काका, गोळ्या आज लिहीत नाही. आधी वजन उतरवू. कॅलरी म्हणजे काय, माहीत आहे?"

मला हसू आलं. बॉयलरच्या परीक्षेला आम्हाला तेच शिकवलं होतं. कोळशात उष्णता किती, उसाच्या भुशात किती. तीच माणसाच्या भाकरीतही मोजतात, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

ती कागदावर आकडे मांडत म्हणाली, "तुमची उंची, वय आणि बैठं काम बघता तुमचं शरीर दिवसाला दोन हजाराच्या जवळपास जाळतं. त्यातून पाचशे कमी करायचे. पंधराशे. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरेल. एखाद्या आठवड्यात उतरणारही नाही. तरी आकडा बदलायचा नाही, आणि त्याच्या खाली तर जायचंच नाही."

"आठवड्याला अर्धाच किलो?"

"चढायला किती वर्षं लागली?" ती म्हणाली.

परत येताना बाजारातून स्वयंपाकघरातला छोटा काटा घेतला, एक शंभर पानी वही घेतली आणि ज्वारीचं पीठ घेतलं. घरी पहिली भाकरी थापली ती तव्यावर टाकतानाच मोडली. बायकोला फोन लावला. मी स्वयंपाक करतोय हे ऐकून ती आधी घाबरलीच.

"पाणी कढत घ्या," ती म्हणाली, "आन पीठ लई मळा. मनगट दुखस्तवर मळा."

चार दिवसांनी भाकरीला काठ आला. पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी, पावणेदोनशेच्या आत-बाहेर. साखर-दुधाचा कप शंभराच्या घरात. खिशातले शेंगदाणे मूठभर म्हणून काट्यावर टाकले, तर त्यांनी भाकरीला मागं टाकलं. दिवसातून अशा चार मुठी मी सहज खात होतो. सगळ्यात जास्त तेलानं घाबरवलं. चहाच्या एका चमच्याला पंचेचाळीस. मी फोनवर बायकोला विचारलं, "तू भाजीत तेल किती टाकायचीस गं?"

"हाताला येईल तेवढं. कावून?"

"माझ्या अंदाजानं माणशी तीन-चार चमचे जायचं."

मग म्हणाली, "म्हंजे मी फुगवलं म्हना की तुमाला."

मला तसं म्हणायचं नव्हतं. पण फोनवर ते सावरता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं रोजच्यासारखं विचारलं, "जेवलाव का?" आणि मी आकडा सांगितला, "चौदाशे सत्तर." मग तेच आमचं बोलणं होऊन बसलं. ती विचारायची, मी आकडा सांगायचो, मागून बाळ रडायचं, ती फोन ठेवायची.

दोन महिन्यांत साडेचार किलो उतरलं. पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. मग काटा थांबला. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. तेच एकोणऐंशी आणि वर अर्धा. असं होईल हे डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, पण ते ऐकणं वेगळं आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहणं वेगळं. बायको म्हणाली होती, नागपंचमीला दोन दिवस येते. तोवर मला पंचाहत्तरवर यायचं होतं. मी कुणाला न विचारता आकडा खाली आणला. आधी बाराशे, मग नऊशे. संध्याकाळचं जेवण काढूनच टाकलं. खरं सांगायचं तर त्याचं वाईट वाटलं नाही. एक जेवण कमी म्हणजे ताट घेऊन एकट्यानं भिंतीकडं बघणं एकदा कमी.

उन्हाळ्यात रमजान आला. त्या उन्हातही फिटर रोजे धरून कामावर यायचा, पाण्याचा घोट न घेता व्हॉल्व्ह उघडायचा. एक दिवस म्हणाला, "भाऊ, आज रोजा सोडायला आमच्या घरी चला. अम्मीनं बोलावलंय." मी गेलो. दिवस मावळायला आला होता. चटईवर दस्तरखान अंथरलेला. खजूर, कलिंगडाच्या फोडी, गरम भजी, मागून पुलाव. घरातली आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती. इतक्या माणसांत मी कित्येक महिन्यांत जेवायला बसलो नव्हतो. अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला, हसणं-बोलणं सुरू झालं. आणि मी मनात बेरीज करत होतो. खजूर वीस-पंचवीस. भज्याला सत्तर धरू. पुलावात तूप असणार. एक खजूर आणि कलिंगडाच्या चार फोडी खाऊन मी हात आवरला.

फिटरची आई पुलावाचा चमचा हातात धरून माझ्यासमोर थांबली. "क्या बेटा, खाना पसंद नै आया?"

"आलं, अम्मी. पोट भरलं."

तिनं माझ्या ताटाकडं बघितलं आणि चमचा परत पातेल्यात ठेवला. रात्री फिटरनं मला गाडीवरून फाट्यापर्यंत सोडलं. फाट्यावर उतरून कॉलनीकडं चालताना मला स्वतःची लाज वाटली. बोलावलं होतं तिथं जाऊनसुद्धा मी एकटाच बसून आलो होतो.

पुढच्याच आठवड्यात टँकरच्या रांगेत मी पडलो. दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या होत्या. डोळ्यांपुढं पिवळं दिसलं एवढं आठवतं. भानावर आलो तेव्हा पाठ ओली होती आणि तोंडात कुणीतरी गुळाचा खडा घातला होता. सांडलेल्या पाण्याभोवती बायका उभ्या होत्या. त्यातली एक शेजारच्या वस्तीवरची. तिची माणसं ऊसतोडीला कर्नाटकात गेली ती परत आली तरी हातात फार काही उरलं नव्हतं. तिनं विचारलं, "काय खाल्लंय सकाळपास्नं?"

"चहा. बिनसाखरेचा."

"घरात पीठ न्हाई का?"

"हाय."

"मग?"

तिला काय सांगणार? वजन कमी करतोय म्हणून? ती स्वतः हाडांची काडी. मी खाली बघितलं. तिनं तिच्या घागरीतलं पाणी माझ्या एका कळशीत ओतलं आणि निघून गेली.

दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईनं विचारलं, "किती खाताय?"

"पंधराशे," मी म्हणालो.

"काल काय काय खाल्लंत, ते सांगा."

मी सांगितलं. तिनं बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं हळू आवाजात विचारलं, "काका, एवढी घाई कशाची?"

मी बायको येणार असल्याचं सांगितलं. संध्याकाळचं जेवण का काढलं, तेही कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं. पोरीच्या वयाच्या बाईपुढं डोळे भरले. तिनं बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "आता तुम्ही पाच किलोनं हलके आहात, चालताही जास्त. हिशेब जवळपास तोच बसतो. पंधराशे. पण तीन वेळचं. संध्याकाळचं बुडवायचं नाही. आणि कुणाकडं गेलात तर त्या दिवशी वही बंद."

त्यानंतर मी तसंच केलं. संध्याकाळी सहाला भाकरी, एका चमचा तेलातली भाजी, वाटीभर वरण. कंटाळा आला तरी ताट घ्यायचं. ईदला फिटरच्या घरी आपण होऊन गेलो आणि अम्मीनं वाढला तेवढा शीरखुर्मा खाल्ला. तिनं दुसरी वाटी आणली तेव्हा नाही म्हणालो नाही. काटा परत हलायला लागला. कधी तीनशे ग्रॅम, कधी अर्धा किलो, कधी काहीच नाही.

पंचमीपर्यंत सत्त्याहत्तर झालं. पाऊस नव्हताच, टँकर चालूच होते. बायकोला घ्यायला मी पाटोद्याच्या स्टँडवर गेलो. ती एसटीतून उतरली आणि माझ्यासमोरून पुढं निघून गेली. हाक मारली तेव्हा वळली.

"अगं बाई! काय झालंय तुमाला?"

"काही झालं नाही. उतरवलंय."

ती मला वरपासून खालपर्यंत बघत होती, आणि मी तिला. पिशवी घ्यायला मी हात पुढं केला, तिनं ती उचलून दिली तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत गेल्या. ब्लाउजच्या बाहीत दंड दिसतच नव्हता.

घरी मी पिठलं-भाकरी केली. तिला पाटावर बसवून वाढलं. तिनं अर्धी भाकरी चार घासांत संपवली आणि ताट उचलून उभी राहिली.

"अगं, बस की. घाई काय हाय?"

"सवय पडली," ती म्हणाली. "नात झोपली की तेवढ्यात उरकावं लागतं. ओट्यापाशी हुभ्यानंच खाते."

"आणि रात्री?"

"लेक-जावई उशिरा येत्यात. कवा बाहेरूनच खाऊन येत्यात. मग एकटीसाठी काय करायचं? चहात चपाती बुडवते."

मी हातातला घास तसाच धरून बसलो. आठ-नऊ महिने तिनं रोज मला विचारलं होतं आणि मी रोज आकडे सांगितले होते. तू काय खाल्लंस, हे माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईकडं नेलं. वजन बेचाळीस. तिच्यासाठीही वजन वाढवायचा आकडा काढून घेतला, तो माझ्यापेक्षा मोठा निघाला. बायको लाजली. "येवढं मी कधी खाल्लं न्हाई," म्हणाली. परत जाताना मी तिला शेंगदाण्याचा कूट करून दिला आणि पापडांची पिशवी दिली. राहा, असं म्हणावंसं वाटलं. नातीचा विचार मनात आला आणि म्हणालो नाही. एसटी वळणापलीकडं जाईपर्यंत ती खिडकीतून हात बाहेर काढून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी कामावरून घरी आलो, ताट वाढलं आणि तिला फोन लावला.

"हळू बोला," ती कुजबुजली, "आत्ताच झोपलीय."

"ताट घे. खाली बस. मीही बसलोय."

ती बसल्याचं भांड्याच्या आवाजावरून कळलं. बोलायला तसं काही नव्हतं. मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि भाकरी मोडली. तिकडून पापड मोडल्याचा आवाज आला.