आईचा धवला आणि राघोचे सुटे भाग

कोलशेतात राघो मढवीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याच्या घरी गाणं ऐकायला दुसऱ्यांदा गेलेलाही. पहिल्यांदा सगळे हौसेने जायचे. चहा मिळायचा, जया, म्हणजे राघोची बायको, तांदळाच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी वाढायची. मग राघो सोफ्यावर तुमची जागा ठरवून द्यायचा. इकडे नाही, तिकडे सरका, अजून थोडं, हां, आता हलू नका. आणि प्रवचन सुरू.

वडिलांच्या खाडीकाठच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, तेव्हा गावातल्या लोकांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. राघोने तबकड्या वाजवायचं सामान घेतलं. एकदम नाही, सुटं सुटं. टर्नटेबल एकीकडून, ॲम्प्लिफायर दुसरीकडून, स्पीकर तिसरीकडून. टर्नटेबल ठेवायला भिंतीत कडाप्पा बसवला, तो जमिनीला टेकू दिला नाही. "सुईला धक्का लागला नाय पायजे," तो सांगायचा. "आणि ते बाजारात मिळतात ना पेटीवाले, सगळं एका डब्यात, स्पीकर पण आतच? स्पीकर वाजला की डबा हलतो, डबा हलला की सुई हलते. ते गाणं नाय, तबकडीवर नांगर फिरवणं आहे." नाकाने कांदे सोलायची हौस कुणाकुणाला असते, तशी त्याला ही होती.

त्याच्या सगळ्या तबकड्यांत एक होती लहानशी, पांढऱ्या कागदी पाकिटातली. तिच्यावर त्याच्या आईचा आवाज होता. आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडवात उंबराची डहाळी रोवली की धवलारीण धवला गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. कुणी एक अभ्यासक आवाज भरायचं यंत्र घेऊन गावात आला होता, त्याने तिचा धवला भरून नेला आणि मोजक्या तबकड्या काढून त्यातली एक घरी पाठवली. बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. आईने ती थोरल्या मुलीला, मनुबाईला दिली, कारण धवला मनुबाईच शिकली होती, आईच्या मांडीला मांडी लावून.

मनुबाई लग्न होऊन कळव्याला गेली. म्हातारपणी तिच्या मुलीने, दक्षताने, तिला असलाच एक पेटीवाला प्लेअर आणून दिला, लाल रंगाचा, सुटकेससारखा. मनुबाई दर दिवाळीला आईची तबकडी लावायची आणि डोळे पुसायची. राघोने ते एकदा पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, ताडकन उठला, सुई उचलली, तबकडी काढली आणि पिशवीत घातली.

"बाय, आयसच्या गल्यावर सुरी चालवतंस तू," तो म्हणाला.

"माजी हाय ती," मनुबाई म्हणाली.

"तुजी हाय म्हनून काय मारून टाकशील?"

आणि तो ती घेऊन कोलशेतला आला. मेल्याला लाज नाही वाटली. उलट महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटला, आईला वाचवून आणलं म्हणून. मनुबाईने भांडण केलं नाही. तबकडी गेली तरी धवला तिच्या गळ्यात होता, आणि कळवा, खारेगाव, पार खडवलीपर्यंतच्या लग्नांना तिला बोलावणी यायची.

मग मितेशचं, राघोच्या मुलाचं लग्न ठरलं. मनुबाई रिक्षा करून आली, हातात ओल्या नारळाच्या करंज्या. घरात पाहुणे बसले होते, राघो त्यांना स्पीकर दाखवत होता.

"राघो, मितेशचा धवला मी बोलीन ना रं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात कसली मागणी नव्हती. आत्या भाच्याचा धवला गाणार नाही तर कोण गाणार?

राघोने पाहुण्यांकडे पाहिलं. माणसाला ऐकायला चार लोक असले की जिभेला हाड राहत नाही.

"बाय, तुजा आवाज म्हंजे तुजा त्यो लाल डबा. सगलं हाय, पन एक पन धड नाय. माज्या पोराला आयसचा धवला लागनार. खरा."

पाहुणे हसले. मनुबाईने करंज्यांचा डबा टेबलावर ठेवला. जया आतून चहा घेऊन येईपर्यंत ती फाटकाबाहेर पोचली होती. जया मागे धावली, हात धरला, पण मनुबाई एवढंच म्हणाली, "तू चांगली हायस गो."

आता रीत अशी की धवलारणीला घरी जाऊन नारळ द्यावा लागतो. ती सख्खी बहीण असली तरीही. नारळ दिला नाही तर ती मांडवात पाहुणी, धवलारीण नाही. जया रोज सांगायची, अहो, एक नारळ देऊन या, तबकडीही वाजू दे आणि बायही गाऊ दे. राघो म्हणायचा, खऱ्या सोन्याशेजारी पितळ कशाला मांडायचं? बहिणीला त्याने मोबाईलवर पत्रिका धाडून दिली.

मांडवथापणीच्या सकाळी राघोने कडाप्प्यावरचं सगळं सामान उतरवून मांडवात आणलं. डेकोरेटरने फळ्यांचं स्टेज घातलं होतं. त्याच स्टेजवर टर्नटेबल, त्याच स्टेजवर दोन्ही बाजूंना स्पीकर. अरे, ज्या गोष्टीवर तू आयुष्यभर लोकांना शिकवलंस, तीच? पण हौसेपुढे अक्कल नाही. आणि त्याच्या मते डबा तो डबा, स्टेज ते स्टेज.

उंबर रोवला. मितेश पाटावर बसला, शेजारी जया, नवऱ्याची आई, हळदीची वाटी घेऊन. मनुबाई आली होती. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बाकीच्या पाहुण्यांत.

राघोने सुई टेकवली. आईचा आवाज आला. खरंच आला, तिचा श्वाससुद्धा आला, आणि म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. राघोचा ऊर भरून आला. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून त्याने आवाज वाढवला.

फळ्या थरथरायला लागल्या. आधी नुसतं घूं घूं, मग ते घूं एवढं मोठं झालं की आई त्यात बुडाली. सुई उडाली आणि एकाच जागी अडकली. "नवऱ्याची आय... नवऱ्याची आय... नवऱ्याची आय..." पोरं खिदळली, मग बायका, मग सगळा मांडव. जयाला कुठे बघावं कळेना. राघोच्या तोंडचं पाणी पळालं. आवाज कमी करायचं सुचलं नाही, त्याने धाडकन स्टेजवर उडी मारली. त्या धक्क्याने सुई तबकडीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरखडत गेली. ती कर्कश चीर मांडवातल्या प्रत्येकाने ऐकली.

त्याने तबकडी उचलून उन्हात धरली. मग पुन्हा लावली. पुन्हा लावली. खर्र, खट्, खर्र.

हळदीची वाटी तशीच होती. सगळ्यांनी मनुबाईकडे पाहिलं. राघो स्टेजवरून उतरला, खुर्च्या सारत तिच्यापुढे गेला आणि तिच्या पायांशी बसला.

"बाय, बोल गो. तुज्याबिगर नाय व्हायचं."

"मना नारल कोनी दिला?" मनुबाई शांतपणे म्हणाली. "पत्रिका आली, मी पाव्हनी. पाव्हनी जेवते आन् घरा जाते."

"पोराकडे बघ."

तिने मितेशकडे पाहिलं. त्याला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिचे डोळे भरले, पण ओठ उघडले नाहीत. मितेशला धवल्याशिवाय हळद लागली. मढवींच्या घरात असं कधी झालं नव्हतं, आणि गाव ते विसरलं नाही.

लग्नानंतर राघो नारळ, लुगडं घेऊन कळव्याला गेला. मनुबाईने पाट दिला, चहा दिला, करंजीही दिली. एकदा गा, भरून घेतो, असं तो म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "मांडवाबिगर धवला बोलत नाय." घरी येऊन तो जयाला म्हणाला, बायने माफ केलं. चहा दिला की नाही? रागावलेलं माणूस करंजी देतं का? जयालाही ते पटलं. तिला पटायला हवंच होतं.

मग एके दुपारी दक्षताच्या स्टेटसला व्हिडिओ आला. खडवलीकडच्या कुठल्याशा मांडवात मनुबाई गात होती, आईचाच धवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जयाने दक्षताकडून तो मागवून घेतला. राघोने मोबाईल कानाला लावून ऐकला आणि तो लहान पोरासारखा रडला. आई परत मिळाली होती, बहिणीच्या गळ्यातून. शेवटी गाणं संपल्यावर कसलीशी कुजबुज होती, बायकांचं हसणं, बांगड्या, काही कळत नव्हतं.

"थांब," तो जयाला म्हणाला, "हे असं नाय ऐकायचं." त्याने वायर शोधली, मोबाईल ॲम्प्लिफायरला जोडला, जयाला सोफ्यावर बरोबर जागेवर बसवलं. खोलीत मनुबाई उभी राहिल्यासारखी गायली. जयाने हात जोडले.

धवला संपला. राघोने आवाज तसाच ठेवला. मघाच्या कुजबुजीतला शब्द न् शब्द आता वेगळा ऐकू आला. कुणी बाई विचारत होती, "मनुबाय, तुमच्या भावाच्या पोराच्या लग्नान पन योच धवला बोलल्या का?"

आणि मनुबाईचा आवाज, अगदी जवळून, न चिडता:

"मना भाव नाय गो."

राघोचा हात आवाजाच्या बटणावरच होता.

"मोबाईलवर तर हे ऐकू येत नव्हतं," जया म्हणाली.