गंगेनं धुतलेला डबा

सरांनी डबा माझ्या हातून घेतला नाही. ओट्याखाली ठेवायला लावला, मला मागं सरकवलं आणि त्याच्यावर तांब्याभर गंगा ओतली. गंगा म्हणजे आमची गोदावरी. ओतताना त्यांचे ओठ हलत होते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. दोन विद्यापीठांनी मिळून काम काढलं होतं. मोठ्या फुग्याला डबा बांधून आभाळात सोडायचा. डब्यात फोटोच्या जाड काचा. अंतराळातून येणारे किरण त्या काचांवर खुणा उमटवतात. फुगा फुटला की डबा पडेल तिथून उचलून आणायचा. आमच्या कॉलेजातून मला निवडलं होतं. काम नीट झालं तर एम.एस्सी.ला हैदराबादेत जागा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

डबा पडला घनसावंगीजवळच्या एका गावात, महारवाड्यात. सर वेशीपाशी जीपमध्येच बसून राहिले.

"जा, तुमचीच माणसं आहेत," म्हणाले.

एका घराच्या छपरावर आपटून डब्याला चीर गेली होती. घरातल्या आजीनं तो गोधडीत गुंडाळून ठेवला होता.

"कुनाला हात लावू देला न्हाई बाबा. सरकारचा माल हाय," ती म्हणाली.

चीर मी सरांना दाखवली. मुक्काम त्यांच्या चुलत्याच्या घरी होता. "तुमच्या घरातून आलाय, तसाच आत कसा नेऊ?" म्हणाले आणि ओतलंच.

संध्याकाळी हैदराबादचे पाहुणे शास्त्रज्ञ आले. अंधाऱ्या खोलीत काचा उघडल्या. चिरेतून पाणी शिरून त्यांच्यावरचा थर फुगून सुटला होता. सगळं काम मातीत. सरांनी मला गोठ्याकडं नेलं.

"तुझ्या हातून ओढ्यात पडला म्हण. जागेचं मी बघतो."

मला शिसारी आली. वर्गात हाच माणूस सांगायचा, हे किरण भिंतीतून, माणसातून आरपार जातात. आजीच्या छपरातून गेले तसे याच्या जानव्यातूनही गेले असणार. कुठंच त्यांनी जात विचारली नाही. हे शिकवून हा पगार घेत होता.

मी पाहुण्यांपुढं उभा राहिलो.

"साब, डब्बा पानी में नहीं गिरा. सर ने धोया. मैं महार हूँ, मेरा हाथ लगा था, इस वास्ते."

पाहुण्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ये तुम लोगों का घर का मामला है."

जेवणाची पानं मांडली. दोघं शेजारी बसले. माझं पान गोठ्यात. मी तसाच उपाशी जालन्याच्या रस्त्याला लागलो.

जागा गेली. दोन्ही विद्यापीठांचं सहकार्य मात्र थाटात चालू राहिलं, आणि काचा नासल्या त्या माझ्या वेंधळेपणानं, असंच सगळीकडं सांगितलं गेलं.

त्या रस्त्यावर चालता चालता मी ठरवलं ते आजही तसंच आहे. विज्ञान सोडायचं नाही. ती यांच्या बापाची जहागीर नाही. कुणाच्या शिफारशीवाचून शिकायचं. आणि ज्या वर्गात शिकवायला उभा राहीन, तिथं पहिल्याच दिवशी सांगायचं, त्या काचा कुणी नासवल्या. नाव घेऊन.