शेवटचा टेकू सलीमभाईंचा

"पेटी फुगून राहिली! अरे टेकू आणा, टेकू!" सलीमभाई मिस्त्री ओरडले. आवाज असा, की सिद्धेश्वरच्या धरणातले मासे तळाला गेले असतील. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात माझ्या दुकानाचा पहिला खांब भरणं चाललं होतं आणि काँक्रीट साचा म्हणून बांधलेली पत्र्याची पेटी रेटून बाहेर निघालं होतं. टेकू येईस्तोवर सलीमभाईंनी पेटीला पाठ लावली... तो खांब आजही सरळ उभा आहे. सलीमभाई मात्र गेल्या महिन्यात गेले. साधा ताप म्हणे.

ते काँक्रीट माझ्या इंजिनिअर भाच्याचं. माझ्या विहिरीतून निघालेला दगड इतका ठिसूळ, की वर कोंबडी बसली तरी चुरा व्हावा. भाचा म्हणाला, "मामा, ह्याचीच गिट्टी करू." त्यात सिमेंट, राख, कसलंसं औषध पडलं आणि काँक्रीट आंबिलीसारखं वाहू लागलं. व्हायब्रेटर नको, सळईनं ठोसणं नको; आपलं आपण कोपऱ्यात जाऊन बसायचं. भाच्यानं ठोकळे दाबून ताकद तपासली होती. पण सलीमभाईंनी पेटी बांधली नेहमीच्या घट्ट मालाच्या हिशोबानं, आणि हा माल तर पाण्यासारखा चहूकडून रेटत होता!

खांब निभावले, वर स्लॅब टाकला, आणि माझी भीती सुरू झाली. रोज सकाळी स्लॅबखालच्या टेकूंना कान लावायचो. एकदा कुरकुर ऐकू आली. गाव गोळा केलं, तर ती माझ्याच गुडघ्याची निघाली.

सलीमभाईंची रीत अशी, की शेवटचा टेकू त्यांनीच काढायचा, बाकी सगळ्यांनी बाहेर. मी दंडाला धरलं. "सलीमभाई, या वेळी नका जाऊ. दगड कच्चा हाय."

"शेट, काहून भेता? तुमच्यापरीस पक्का हाय."

घण बसला. टेकू आडवा झाला. वरून मूठभर धूळ पडली आणि माझं काळीज हिंगोली स्टेशनापर्यंत पळालं... आत सलीमभाई उभेच होते, वर बघत, हसत. स्लॅब जागचा हलला नाही.

परवा त्यांच्या घरी जाऊन बसलो. भाभी पडद्याआड होत्या. म्हटलं, "भाभी, माझ्या स्लॅबखाली हसत उभा राहिला हो! भेव कसलं ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं."

पडद्याआडून भाभी म्हणाल्या, "तो टेकू काढायच्या आधी चार दिवस जेवले न्हवते."