जागा धरणारं कापड

नांदेडच्या स्टँडवर मी हुडीचे दोन नमुने घेऊन उभा होतो, एक पातळ, एक जाड. लातूरला पोचून माझ्या ब्रँडसाठी त्यातलं एकच कापड पक्कं करायचं होतं. शेजारचे मिशीवाले काका दोन्ही हुडींच्या बाह्या वांगी दाबून बघावीत तशा दाबून बघत होते. तेवढ्यात बस लागली, लोक दाराकडं पळाले. काकांनी जागा धरायला माझ्या हातातली पातळ हुडी खिडकीतून आत फेकली. ती उडून आत बसलेल्या एका मावशीच्या डोक्यावर पडली.

“मला आहेर करायलाव का?” मावशी म्हणाली.

मग काकांनी जाड हुडी फेकली. ती बाह्या पसरून दोन सीटांवर आडवी झाली.

“हलकं कापड जागा धरत न्हाई, पोरा,” काका खिडकीशी ऐसपैस बसत म्हणाले.

मी जाडच कापड ठरवलं. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. कुणी कारण विचारलं की मार्केट रिसर्च केला म्हणून सांगतो.