हिराबायच्या जबाबातली एक ओळ

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, कामावर रोज ज्याच्या डब्यातली भाजी खातो त्या मित्रालाही नाही. सहा वर्षं झाली. गेल्या रविवारी एका माणसाला सांगितलं, सोमवारी कागदावर लिहून दिलं, त्याचं पुढे येईलच. आता तुम्हाला सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो — ऐकून झाल्यावर माझ्या पाठीवरून हात फिरवायला येऊ नका. 'तुझा तरी काय दोष' हे मला नको आहे. दोष माझा आहे, आणि तो मी कोणाशी वाटून घेणार नाही.

मी सापगावचा. घरी भातशेती, आसनगावहून कल्याणला रोज ये-जा करून इंजिनियरिंग केलं. नंतर एका खाजगी कंपनीत लागलो. ती लष्करासाठी उडती यंत्रं बनवायची — नाव सांगत नाही, नावाने काही बदलत नाही. त्यातल्या एका यंत्राला आम्ही आपसात घार म्हणायचो. जंगलावर घिरट्या घालायची, खालची ऊब टिपायची आणि झाडांखाली लपलेला शत्रूचा तळ स्वतः शोधून त्यावर स्वतः झेपावायची. संपर्क तुटला तरी काम पुरं करून यायची. हेच तर आम्ही विकत होतो — हिला माणसाची गरज नाही.

पण तिला शिकवायला माणूस लागायचा. आणि तो माणूस मी होतो.

चाचण्या मुरबाडच्या डोंगरात व्हायच्या. मुलाखतीत मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, मुरबाडपासून माळशेजपर्यंत प्रत्येक टेकडी मला ठाऊक आहे, तिथली माणसं कधी काय करतात ते डोळे मिटून सांगेन. साहेब खूश झाले. म्हणाले, असाच इथल्या मातीतला माणूस हवा होता. खोटं होतं का ते? अर्धं होतं. खालच्या गावांचं मला ठाऊक होतं. वरच्या वाड्यांवर, ठाकर आदिवासींच्या वस्तीत, मी उभ्या आयुष्यात दोनदा गेलो असेन, तेही लग्नाची वाजंत्री ठरवायला वडिलांच्या मागे मागे.

काम सोपं होतं. वरून काढलेले उबेचे फोटो माझ्यासमोर यायचे — काळ्यावर पांढरे डाग. प्रत्येक फोटोखाली तीन बटणं. शेतकाम. तळ. खात्री नाही. मी बटण दाबायचं आणि घारीने त्यावरून शिकायचं. 'खात्री नाही' दाबलं की तो फोटो वरिष्ठांकडे जायचा आणि मग कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन बघून यायचं. ते बटण मी एकदाही दाबलं नाही. एकदाही. का दाबीन? ज्याला सगळं ठाऊक आहे म्हणून नोकरीवर घेतलं, त्याने खात्री नाही म्हणायचं?

त्या दिवसांत राब भाजणं चाललं होतं. तुम्ही आमच्या बाजूचे नसाल तर सांगतो. पेरणीच्या आधी, उन्हाळ्यात, रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून वर माती टाकतात आणि जाळतात. जमीन भाजून निघाली की तण मरतं, रोपं जोमात येतात. आमच्याकडे राब म्हणजे सपाट शेतातला चौकोन. एक माणूस हातात टहाळी घेऊन कडेने फिरतो, बाकीचे बांधावर बसून गप्पा मारतात. तो चौकोन दिसला की मी शेतकाम दाबायचो. हात सरावला होता.

मग काही फोटो वेगळे यायला लागले. डोंगराच्या उतारावर, झाडांच्या आत, वाकडातिकडा गोल. उजाडता उजाडता पेटवलेला. आणि त्याच्या चहूबाजूंनी माणसं उकिडवी बसलेली, अंतराअंतराने, हलत नाहीत. तुम्हाला काय वाटलं असतं? मला तळ वाटला. नाही — खोटं बोलतोय. मला आधी वाटलं, हे काय आहे? वाडी अर्ध्या तासाच्या चढावर होती. वर जाऊन विचारलं असतं, मावशी, हे काय करता, तर कोणीही सांगितलं असतं. वारा सुटायच्या आत पहाटेच पेटवतात, आणि विस्तव गवतात उतरू नये म्हणून खालीवर माणसं बसवतात. तो त्यांचा नागलीचा, म्हणजे नाचणीचा, राब होता. पण ठाकराला जाऊन विचारायचं? मी, सापगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकलेला? उघड सांगतो, हेच मनात आलं होतं. याला दुसरं गोंडस नाव देता येईल, मी देणार नाही.

मी 'तळ' दाबलं. सगळ्याच फोटोंना.

दिल्लीहून पाहुणे आले त्या सकाळी डोंगराच्या अलीकडच्या अंगाला आम्ही खोटा तळ उभारला होता. तीन तंबू, आत पेटत्या शेगड्या. तेवढा भाग दोरी लावून बंद केला होता आणि तसा कागद खालच्या गावांत दिलाही होता. घारीत स्फोटकं नव्हती, नुसतं धुराचं नळकांडं होतं. ती तंबूंवर झेपावणार, लाल धूर निघणार, पाहुणे माना डोलावणार, असं ठरलं होतं.

घार तंबूंवर आली. एक घिरटी घातली. आणि वळली.

तिला डोंगराच्या धारेपलीकडे काहीतरी दिसलं होतं, आमच्या तंबूंपेक्षा खरं. म्हणजे मी शिकवलं होतं त्याच्याशी जास्त जुळणारं. चालवणाऱ्याने थांबवायचं बटण दाबलं, पण तोवर ती धार ओलांडून गेली होती आणि मध्ये डोंगर आला. संपर्क तुटला. आणि संपर्क तुटल्यावर काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. मी कोणाकडेच बघत नव्हतो. पडद्यावर शेवटचं चित्र थिजलं होतं — उतारावर वाकडा गोल आणि भोवती चार माणसं. ते चित्र मी ओळखलं.

नळकांडं राबात पडलं. निखारे उडाले. सगळ्यात जवळ बसलेल्या, वाडीतल्या हिराबायचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, गालही. विस्तव गवतात उतरला, तो वाडीवाल्यांनी टहाळ्यांनी झोडपून विझवला. आम्ही पोचलो तेव्हा एक म्हातारा जळलेली टहाळी हातात धरून म्हणत होता, "घार बगितली व्हती आमी. पण घार माणसावर नाय येत."

आता खरी गोष्ट. इथवरचं मी कदाचित कोणाला तरी सांगूही शकलो असतो. चूक झाली म्हणालो असतो. चूक माणसाच्या हातून होते, नाही का?

चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, त्या बाईचा जबाब तयार आहे, तू वाचून दाखव, तुझं ऐकतील ते. कागद मी गाडीतच वाचला. सगळं ठीक होतं — नाव, वाडी, किती वाजता, कुठे भाजलं. मध्ये एक ओळ होती. 'मला सूचना मिळालेली असतानाही मी बंद क्षेत्रात शिरून विस्तव पेटवला.' हिराबायचा राब बंद क्षेत्रात नव्हताच. धारेच्या पलीकडे होता, दोरीपासून कितीतरी लांब, तिच्या नेहमीच्या जागेवर. आणि वाडीवर कागद कोणी नेलाच नव्हता. पण ती ओळ राहिली तर चूक तिची होत होती. ओळ गेली, तर घार तिकडे का वळली हे बघायला कोणीतरी फोटो उघडणार होतं. प्रत्येक फोटोखाली माझं नाव होतं.

ओळ गाळून वाच असं मला कोणी सांगितलं नाही. साहेबांनी नाही, कोणीच नाही. हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे न वाचता येणाऱ्या माणसाला कागद वाचून दाखवायचा तर ओळीखालून बोट फिरवत वाचतात. म्हणजे ऐकणाऱ्याला दिसतं, सगळं वाचलं, काही लपवलं नाही. माझे वडीलही सात-बारा वाचून दाखवताना असंच करायचे. मी हिराबायच्या खाटेशी बसलो, कागद तिच्यासमोर धरला आणि बोट फिरवत, सावकाश, तिला समजेल असं वाचलं. त्या ओळीशी आलो. आणि पुढची ओळ वाचली.

शेवटी नेहमीचं होतं — 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' हे मात्र मी मोठ्याने वाचलं. तिचा उजवा हात पट्टीत होता, म्हणून डावा अंगठा घेतला. शाई मीच लावली. वर तिनेच मला विचारलं, "च्या घेतलास का रे?"

त्या संध्याकाळी मी एकट्याने बसून उताराचे सगळे फोटो 'तळ' मधून काढले आणि 'शेतकाम' मध्ये टाकले. कोणाला पत्ता लागला नाही. घार शहाणी झाली. पुढच्या चाचणीत नागलीच्या राबावरून सरळ निघून गेली आणि तंबूंवर बरोबर झेपावली. ती आता कुठल्यातरी सीमेवरच्या डोंगरांवर फिरते. तिथली माणसं पहाटे कशासाठी विस्तव पेटवतात, हे त्या फोटोंखाली कोणी लिहिलं असेल? माझ्यासारखाच कोणी, सगळं ठाऊक असलेला?

आणि इकडे? त्या जबाबाच्या आधारावर तो उतारही बंद क्षेत्रात गेला. बाई स्वतःच म्हणते ना, की ते बंद क्षेत्र होतं. वाडीला तिथे राब भाजायची बंदी झाली. नागली गेली, वरी गेली. वाडी आता भाकरीचं पीठ बाजारातून आणते. हिराबायच्या हाताची तीन बोटं वळली ती वळलीच. मला बढती मिळाली. शहापुरात माझा सत्कार झाला, नारळ आणि शाल. भाषणात कोणीतरी म्हणालं, याने आपल्या तालुक्याचं नाव काढलं. मी हात जोडून उभा राहिलो. शाल अजून कपाटात आहे, हिवाळ्यात आई पांघरते.

लोक म्हणतील, यंत्राचा दोष. मुळीच नाही. घारीइतकं प्रामाणिक माझ्या आयुष्यात कोणी भेटलं नाही. मी सांगितलं ते तिने खरं मानलं. लोक म्हणतील, कंपनीचा दोष. असेल, कंपनीने आपला हिशेब आपण द्यावा. ते बटण माझ्या बोटाने दाबलं आणि ती ओळ त्याच बोटाने ओलांडली.

गेल्या रविवारी मी वाडीवर गेलो. कपाटातून जबाबाची प्रत काढून नेली होती. हिराबाय ओट्यावर बसली होती, डाव्या हाताने शेंगा सोलत. तिने मला ओळखलं. मी काही प्रस्तावना केली नाही. कागद समोर धरला आणि पहिल्यापासून वाचायला लागलो, बोट फिरवत. त्या ओळीशी आलो. थांबलो. आणि वाचली. मग तिचा अर्थ सांगितला, ती नसती तर काय झालं असतं ते सांगितलं आणि फोटोंचंही सगळं सांगितलं. उतार कोणामुळे गेला तेही.

ती शेंगा सोलायची थांबली नव्हती. म्हणाली, "त्या दिशी तुजं बोट हितनं उडालं व्हतं. मी बगितलं."

मी विचारलं, मग मावशी, अंगठा का दिलास?

"मना वाटलं, कायतरी वंगाळ लिवलं आसंल. पोराला वाचाया लाज वाटते. म्हटलं, नको वाचू देत."

सहा वर्षं मी समजत होतो की तिला कळलं नाही. तिला कळलं होतं, आणि तिने मला सांभाळून घेतलं होतं. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. तिने मारलं नाही, शिवी दिली नाही, माफही केलं नाही. मी माफी मागितलीच नव्हती. ती कुठल्या तोंडाने मागायची? मी उठलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता हा कागद तितं बी वाच, जितं वाचाया पायजे."

वाचला. सोमवारी मी सगळं लिहून काढलं — बटणं, फोटो, संध्याकाळी केलेली अदलाबदल, ओळ. एक प्रत कंपनीला दिली, एक तहसील कचेरीत, एक पोलीस ठाण्यात. साहेबांचा फोन आला. आता हे उकरून तुला काय मिळणार, नोकरी जाईल, तुरुंगातही जाशील, म्हणाले. म्हटलं, जाईन. म्हणाले, त्या बाईला तरी याने काय मिळणार? म्हटलं, तिचा उतार तिचा होता एवढं कागदावर येईल. पुढचं मला ठाऊक नाही.

हो, हे वाक्य मी साहेबांना सांगितलं. मला ठाऊक नाही. सहा वर्षं उशिरा.

देण्याआधी माझा जबाब वाडीवर नेऊन हिराबायला वाचून दाखवला होता; त्याच्या शेवटी काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही. लिहिलं — वरील मजकूर मी हिराबायला वाचून दाखवला आहे, एकही ओळ न गाळता. अंगठा मात्र तिच्याकडे मागितला नाही. खाली माझी सही केली, पूर्ण नावाची.