काकीची दुर्बीण

कोणतंही काम हातात घेण्याआधी काकी पदराला दोन्ही हात पुसायची. कोरडे असले तरी पुसायची. आणि म्हणायची, "घाई कोणाक आसा?"

हा प्रश्न नव्हता. समोर बहुतेक वेळा मी असायचो आणि घाई मलाच असायची.

आचऱ्याला आमच्या वाडीत काकीचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक गडगा आहे, म्हणजे दगडावर दगड रचलेली कमरेएवढी भिंत. गडग्यापलीकडे काकीचे पंचवीस माड. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात, त्यामुळे बागेत वस्ती म्हणाल तर काकी आणि माकडं. माकडं जास्त.

तुमच्यापैकी ज्यांचे माड आहेत त्यांना माकडांबद्दल काही सांगायला नको. ज्यांचे नाहीत त्यांनी एवढंच समजावं, की माकड नारळ खाऊन संपवत नाही. कोवळा तोडतं, एक घोट पितं, खाली टाकतं आणि दुसरा तोडतं. आमच्याकडे लग्नात काही पाहुणे असेच जेवतात.

सलग दोन वर्षं चतुर्थीच्या मोदकांना काकीने बाजारातून नारळ आणले होते. पिशवी पदराखाली धरून. पंचवीस माडांच्या मालकिणीने बाजारात उभं राहून कानाशी नारळ वाजवून बघणं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मुलगा आला. बाहेरच्या एका माणसाला ती जागा पर्यटकांसाठी खोल्या बांधायला हवी होती. मी पडवीत चहा पीत होतो. उठून जाणं बरं दिसलं असतं, पण चहा गरम होता.

"आई, ह्या चतुर्थीक पण नारळ विकत आणूचे आसले, तर बाग ठेवन करूचा काय?" मुलगा म्हणाला.

काकीने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "चतुर्थी होवंदे. विकतचो एक जरी नारळ घरात इलो, तर खंय सही करूची ती सांग."

मुलगा पुण्याला गेला आणि काकीने माळ्यावरून काकांची छऱ्याची बंदूक काढली.

नळी मोडून छर्रा भरायचा, आत स्प्रिंग, अशी ती जुनी बंदूक. माकडाला मात्र तिने कधी छर्रा मारला नाही. "मगे मारुतीच्या देवळात खंयच्या तोंडान जाव?" तिची रीत वेगळी होती. प्रत्येक माडाला तेलाचा रिकामा डबा टांगलेला. पडवीत गोणपाटाचा पडदा, पडद्यामागे काकी. माकड झावळीवर बसलं की त्याच्या शेजारचा डबा खाडकन वाजायचा.

"माणूस आरडलो तर माकाड भियत नाय," ती मला सांगायची. "माणूस खंय आसा ता तेका गावता. डबो आपसूक वाजलो, की भियता."

पण काकीची पासष्टी उलटली होती. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक दाणा, तिला दिसेना. "माशी बघतंय तर डबो जाता, डबो बघतंय तर माशी जाता." बंदुकीवर दुर्बीण बसवायची असं ठरलं, आणि ती निवडायचं काम मी अंगावर घेतलं.

मी पतपेढीत क्लार्क आहे. वाडीत मला यंत्रांतला जाणकार समजतात, कारण एकदा मी काकीचा मोबाईल बंद करून परत चालू केला होता.

पंधरा दिवस मी इंटरनेटवर दुर्बिणी वाचल्या. शेवटी चारपट दाखवणाऱ्या सोडून चोवीस पट मोठं दाखवणारी घेतली, कारण चोवीस हे चारापेक्षा जास्त असतात. बसवली. काकीने हात पुसले, डोळा लावला.

"काय दिसता?" मी विचारलं.

"केस."

"कसले?"

"माकडाचे. खंयच्या भागावरचे ता सांगूचा कठीण आसा."

अख्खं माकड काही त्यात मावेना. डबा शोधेपर्यंत माकड तिसऱ्या माडावर गेलेलं असायचं. त्यात वीसेक छऱ्यांनंतर आतली उभी-आडवी रेघ सुटून लोंबायला लागली. झालं होतं असं, की मोठ्या बंदुका नुसत्या मागे धक्का देतात. स्प्रिंगची बंदूक मागे देते आणि लगेच पुढेही देते, आणि तो पुढचा धक्का साध्या दुर्बिणीला सोसत नाही. हे माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचलो नव्हतो.

ती दुर्बीण सध्या आमच्याकडे असते. बायको तिच्यातून तिठ्यावर मासेवाली आली का ते बघते.

दुसरी दुर्बीण बायकोने निवडली. तिने शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत मोकळी झाली. चारपट, साधी, खास स्प्रिंगच्या बंदुकीसाठी केलेली. सोबत दोन कड्या आणि दुर्बीण मागे सरकू नये म्हणून एक खिट्टी.

बसवण्याचं काम मात्र मी सोडलं नाही. दुर्बिणीतली उभी रेघ सरळ उभी हवी, हे मी वाचलं होतं. बंदूक भाताच्या कोंड्याच्या पोत्यांवर ठेवली, दुर्बीण कड्यांत फिरवत फिरवत उभी रेघ समोरच्या माडाच्या खोडावर तंतोतंत आणली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून स्क्रू आवळले. डोळा काचेला इतका चिकटवला होता, की पहिल्याच छऱ्याला भुवईवर अर्धचंद्र उठला. पतपेढीत मी दारावर आपटलो असं सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, याचं थोडं वाईट वाटलं.

जवळचे डबे वाजायला लागले. काकी खूश झाली. पण लांब व्हाळाकडच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, पाच-सहा माडांचे डबे काही वाजेनात. छर्रा दर वेळी डाव्या अंगाने जायचा. आणि चतुर्थीपर्यंत तयार होतील असे नारळ तेवढ्याच माडांवर होते. जुलै निम्मा झाला. रोज सकाळी व्हाळाकडे चार-पाच कोवळे नारळ पडलेले दिसायचे. काकी ते उचलून पडवीच्या कोपऱ्यात ओळीने ठेवायची. त्या ओळीपेक्षा तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका दुपारी पाऊस थांबला होता. काकीने मला गडग्यावरून हाक मारली.

"रे, तू रेघ कशार धरललंस?"

"माडार."

"खंयच्या?"

मी बोटाने दाखवला. काकीने त्या माडाकडे बघितलं. मीही बघितलं. चाळीस वर्षं मी तो माड बघतोय. लहानपणी त्याच्यावर चालत अर्ध्यापर्यंत जायचो, इतका तो समुद्राच्या बाजूला कललेला आहे.

"मेल्या," काकी अगदी शांतपणे म्हणाली, "किनाऱ्यार जन्माक इलंस. आपलो माड कधी सरळ बघलंस?"

मी म्हटलं, "माका तो सरळच वाटता."

"वाटतलोच. तुका रोज बघून सवय झाली. रेघ वाकडी आसली, की छर्रो लांब जाता तसो बाजूक जाता." मग तिने हात पुसले. "सोड ते स्क्रू."

मी आवळलेले स्क्रू सोडवायला आम्हाला अर्धा तास लागला.

काकीने बंदूक विहिरीकडे तोंड करून पोत्यांवर ठेवली. खोकल्याच्या औषधाची अर्धी भरलेली बाटली तिच्यावर आडवी ठेवून, आतलं औषध दोन्हीकडे सारखं येईपर्यंत पोती दाबली. विहिरीवर रहाटाच्या दोराला भरलेली बालदी लोंबत होती. ती थरथरायची थांबेपर्यंत वाट बघितली. "ह्या गावात सरळ म्हणशी तर एवढीच एक वस्तू," ती म्हणाली, आणि दुर्बिणीतली रेघ दोरावर आणली. भुवईपासून चार बोटं अंतर मोजलं. स्क्रू शिलाई मशीनच्या पेचकसाने, समोरासमोरचे दोन-दोन, थोडे थोडे करत बसवले. दोन बोटांत जेवढा जोर येतो तेवढाच लावला. मी म्हटलं, "आणखी घट्ट करूया?" तिने माझ्या भुवईकडे बघितलं. मी परत विचारलं नाही.

दोन दिवस कागदावर छर्रे मारून तिने नेम जुळवला. तिसऱ्या दिवशी व्हाळाकडचा शेवटचा डबा वाजला. मी आमच्या अंगणात होतो. माकडांचा सगळा कळप एका दमात गडगा ओलांडून आला आणि आमच्या माडांवर चढला.

मग ते तिथेच राहायला लागले. पुढचा दीड महिना काकीच्या बागेत एक नारळ पडला नाही आणि आमच्याकडे एक उरला नाही. मी तक्रार केली तेव्हा काकी म्हणाली, "तुका दुर्बीण बसवन देव? तुझ्याकडे एक आसा मां?" बायको खूप हसली. ती कोणाच्या बाजूची आहे, हे मला लग्नाला वीस वर्षं होऊनही नीट कळलेलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुलगा आला. नारळ उतरवणारा पाडेली व्हाळाकडच्या माडांवर चढला आणि नारळांच्या पेंडी खाली यायला लागल्या. मुलगा पडवीत बसून नारळ सोलत होता. सोलता सोलता थांबला.

"आई, पुरे झाले गो. मोदकांक इतके कित्याक?"

"शेजारी देवचे आसत," काकी म्हणाली. "तेंच्याकडे माकडांनी काय ठेवक नाय."

त्या वर्षी आमच्या गणपतीचे मोदक काकीच्या नारळांचे झाले. मी नऊ खाल्ले. अपमान गिळायला गूळ-खोबरं चांगलं. मुलाने त्या बाहेरच्या माणसाला फोन लावला आणि आणखी एक वर्ष बघतो म्हणून सांगितलं. काकी आत सारण ढवळत होती. तिने ऐकलं. तिचा हात थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

काकी माघात गेली. सकाळी पडवी झाडायला घेतली आणि खाली बसली, एवढंच. मी धावत पोचलो तेव्हा घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मुलगा पंधरा दिवस राहिला. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. बागेचं काय करणार, हे विचारायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. तोच म्हणाला, "ह्यावेळी नारळ ऱ्हवतत काय बघूया. ऱ्हवले तर ऱ्हवले."

बंदूक मी काकीच्या माळ्यावर ठेवली. मी मारलेल्या छऱ्याने डबा वाजला नसता आणि माकडांना फार काही कळून गेलं असतं.

आता वैशाख चालू आहे. काकीच्या माडांवर पेंडी धरल्या आहेत. रोज सकाळी कळप येतो आणि गडग्यावर ओळीने बसून पडवीतल्या गोणपाटाच्या पडद्याकडे बघत राहतो. वाऱ्याने पडदा हलला की सगळे दचकतात. काकी गेल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. मी सकाळी किल्ली घेऊन जातो, पडद्यामागे झाडू मारतो, आणि पडद्याबाहेर डोकं काढत नाही.