उस्तादांच्या नावावरची गत

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं न्हाई. आज तुम्हाला सांगतोय—कावून, ते मलाही नीट ठाऊक न्हाई.

आधी एक ऐकून ठेवा. साऱ्या मोमिनाबादेत मॅंडोलिन वाजवणारा मी एकटा होतो, आणि लई चांगला होतो. उगीच लाजू कशाला? निजामाचं राज्य होतं, गावात पलटणीची छावणी होती, माझे वडील छावणीतले कपडे शिवायचे. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ते वाद्य त्यांना देऊन गेला. आठ तारा, अर्ध्या भोपळ्यासारखं पोट.

माझे उस्ताद सतारिये. त्या वाद्याला सगळे हसले, ते हसले न्हाईत. सतारीवरचं सगळं त्यांनी मला त्याच्यावर शिकवलं. पण सतारीची तार ओढली की सूर लांबतो, मॅंडोलिनचा टक्कन मरतो. मग मी काय केलं? तार इतकी भराभर छेडली, की सुराला मरायला सवडच मिळू नये. त्यातनं बागेश्रीची एक गत बांधली. तबला नको, साथ नको, एकट्यानं वाजवायची—तालसुद्धा तारांनीच धरायचा. पहिल्या सुरापासनं शेवटच्या तिहाईपर्यंत माझी होती ती!

जहागीरदारांच्या बैठकीत वाजवली. त्यांनी विचारलं, चीज कुणाची? आता शिंप्याच्या पोरानं 'माझी' म्हणायचं? हसले असते हो. गुरूचं नाव घेताना धरतात तशी मी कानाची पाळी धरली आणि उस्तादांचं नाव घेतलं. वाटलंच, म्हणाले सगळे.

यात कसलं पाप, म्हणाल. गुरूच्या पायावर तर घातलं—थांबा जरा.

जहागीरदारांनी उस्तादांनाच फर्मावलं, पुढच्या बैठकीत तीच गत तुमच्या हातची ऐकवा. उस्ताद माझ्या घरी आले. ओसरीवर बसले. पाणी दिलं, घेतलं न्हाई.

"बेटा, ही गत मी तुला कवा दिली?"

तेव्हा बोलता आलं असतं. आलं असतं का न्हाई? पण मग मी जहागीरदारांपुढं खोटा ठरलो असतो.

"मागल्या उन्हाळ्यात, उस्ताद. इसरलात व्हय?"

त्यांनी ते खरं मानलं. डोकं रिकामं झालं माझं, म्हणाले. बैठकीला गेले न्हाईत. सतारीला गवसणी घातली, ती पुन्हा काढली न्हाई. शागिर्दांना दुसरीकडं धाडलं. हात चांगला चालत होता हो त्यांचा!

मी मात्र त्यांच्याकडं जायचो. गत वाजवून दाखवायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "काय बांधायचो रे मी!" आणि खरं सांगतो—माझी छाती फुगायची.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. दरसाल त्यांच्या बरसीला मी ती गत वाजवतो. यंदा तर अशी वाजली म्हणता! औरंगाबादेहून आलेल्या एका सतारियानं उठून विचारलं, चीज कुणाची?

मी कानाची पाळी धरली.